लुच्चीबाईची बोटांवरची तालीम

आमच्या घरात दोन बाया पानाचा डबा उघडून बसल्या की लुच्चीचं नाव निघतंच. एक जण किस्सा सांगते, दुसरी म्हणते, "असं नव्हतं झालं माय," आणि मग तीच दोन नवे सांगते. ती जाऊन इतकी वर्षं झाली, पण किस्से काही कमी होत नाहीत, उलट वाढतातच! त्यातले काही खरे आहेत. काही माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि काही तर माझ्याच पायांवर घडले. ते तेवढे सांगते.

काळ कापसाचा. तिकडं अमेरिकेत कुठंतरी आपसात लढाई जुंपली, त्यांचा कापूस बंद झाला, आणि इकडं आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसं येड्यासारखी करायला लागली. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. काल-परवापर्यंत धोतराच्या सोग्यानं घाम पुसणारे गडी आमच्या बैठकीत येऊन रेशमी रुमाल काढायला लागले. आमचं घर अमरावतीच्या परकोटात. घराची मालकीण आणि आमची गुरू मथुरामावशी. तिच्या हाताखाली नाचणाऱ्या आम्ही दोघी, मी म्हणजे कस्तुरा, आणि दुसरी सारजा. तबल्यावर करीमचाचा. एवढंच आमचं बिऱ्हाड.

त्यात एके दिवशी ही गोरी बाई येऊन पडली.

*

ती आली कापसाच्या गाडीवर बसून. डोक्यावर फुलांची टोपी, फुलांत अडकलेला कापूस, आणि मांडीवर एक लाकडी पेटी. गाडीवानानं आमच्या दारात बैल थांबवले आणि हाक मारली, "मावशी, ह्या बाईले कुठी उतरवू? अकोल्यात लोकं म्हने, नाचनाऱ्या बाया परकोटात राह्यतात!"

झालं होतं असं. मुंबईहून एक नाचाची कंपनी कामठीच्या छावणीत खेळ करायला निघाली होती. वाटेत अकोल्याला मुक्काम पडला. कंपनीचा मॅनेजर सकाळी बाजारात फिरायला गेला तो संध्याकाळी कापसाचा दलाल होऊनच परत आला! फिडलवाला काट्यावर कापूस तोलायला बसला. पडदा ओढणाऱ्यानं गोदाम भाड्यानं घेतलं. हिला नाचाशिवाय काही येत नव्हतं, म्हणून ही तेवढी उरली.

मावशीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "नाव काय व तुहं?"

"लुचिया."

"लुच्ची?"

तिनं आनंदानं मान हलवली.

"अन् गाव?"

"मिलानो."

"कोन मिला नाई?"

गाडीवान म्हणाला, "तिचा मालक मिला नाई, मावशी. थो कापसात गेला."

मावशीनं पेटीला हात घातला. "घ्या व हिले आत. आपल्या तोंडानं नाव सांगनारी लुच्ची म्या पह्यल्यांदा पाह्यली!"

*

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मावशी म्हणाली, "पोट्टे, काय नाचतं थे दाखव तं खरं."

लुच्चीनं पेटीतून गुलाबी रेशमी बूट काढले. त्यांच्या फिती घोट्याभोवती गुंडाळून बांधल्या, अंगणाच्या मधोमध आली, आणि नुसती वर चढली. टाच उचलली, तळवा उचलला, आणि बाई पायाच्या बोटांच्या टोकावर उभी! वर तोंडावर हसू, जसं काही झालंच नाही.

सारजा ओरडली, "अव माय! जमीन सोडली हिनं!"

मावशी खाली वाकली आणि तिच्या टाचेखालून हात फिरवून पाहिला. काही आधार सापडला नाही. दुसऱ्या पायाखालूनही फिरवला. मग लुच्ची बोटांवरच चुटूचुटू चालत तुळशीला फेरा घालून आली. आवाज म्हणून नाही.

करीमचाचा तबल्यावर हात ठेवून तसेच बसले होते. मला लहानपणापासून एकच शिकवलेलं, पाय आपट, जमिनीनं ओरडलं पाहिजे. आणि ही बाई अशी चालली की जमिनीला पत्ताही नाही! शेवटी करीमचाचा म्हणाले, "बेटी, ये नाच है या चोरी?"

  माझ्या तोंडातून एकदम निघालं, "मावशी, मले हे शिकाचं हाय."

मावशी म्हणाली, "देवानं टाचा दिल्या, थ्या काय शोभेले?"

*

मला वाटलं, बूट घालायचे आणि चढायचं. पण लुच्ची बूट देईना! अंगणात लुगडी वाळत घालायचा आडवा बांबू होता, तो तिनं कमरेएवढा खाली बांधून घेतला. बांबू धर, पाठ ताठ ठेव, गुडघे वाकव, सरळ हो. टाचा उचल, चवड्यावर ये, हळू खाली उतर. पुन्हा. पुन्हा!

मी विचारायची, "जूता?"

ती मुंबईत उचललेल्या हिंदीत म्हणायची, "नहीं. पहले पाँव."

थंडी गेली, ऊन आलं, बोरं संपून आंबे आले. पहले पाँव!

गुडघे वाकवण्याला तिच्या नाचाच्या बोलीत 'प्लिये' म्हणत. पहिल्याच सकाळी तिनं काठी आपटून करड्या आवाजात म्हटलं, "प्लिये!"

कोपऱ्यात तबला लावत बसलेले करीमचाचा दचकून उठले. "कसम खुदा की बाई, आज एक घूँट नहीं पी!"

*

आणि टाचा उचलून वर येण्याला ती म्हणायची 'रेलेवे'.

आता त्या दिवसांत अख्खं वऱ्हाड रेल्वेची वाट पाहत होतं. गोदामांत कापसाच्या गठाणी तुंबल्या होत्या, रस्त्यांनी गाड्या तुंबल्या होत्या, आणि लोहमार्ग आज येतो की उद्या येतो याच्याशिवाय बाजारात दुसरी गोष्ट नव्हती. लुच्चीचा आवाज तर काय, थेट दरवाजाबाहेर जायचा. एक दिवस मी नीट करत नव्हते, म्हणून ती चिडून ओरडत सुटली, "रेलेवे! रेलेवे! रेलेवे!"

गल्लीत दुकानाच्या फळीवर बसलेल्यांनी ऐकलं. त्यांनी पुढच्या दुकानाला सांगितलं. हां हां म्हणता बाजारात झालं की रेल्वे आली! चार-पाच जणांनी बैलांची हलकी खासरं जुंपली आणि बडनेऱ्याकडं पिटाळली. तिकडं काय, नुसतं रान आणि उन्हात पडलेले दगड! संध्याकाळी धुळीनं पांढरी झालेली ती मंडळी आमच्या दारात उभी. "मथुराबाई, तुमच्या घरातून कोन ओरडलं? कुठी हाय रेल्वे?"

मी तेव्हा बांबू धरून चवड्यावर उभी होते, पाय लटलटत होते. मावशीनं माझ्याकडं बोट केलं.

"हे काय, समोरच तं हाय! अजून अर्धीच वर आली!"

*

सारजाला धीर नव्हता. बांबूपाशी ती जेमतेम चार सकाळी आली. मग म्हणाली, "एवढं वर-खाली कराले मी काय रहाट हाय?" आणि एकदा लुच्ची न्हाणीघरात असताना तिनं पेटीतून बूट काढून चढवले, खांबाला धरून वर झाली, आणि खांब सोडला.

घोटा भोपळ्याएवढा सुजला. हाड बसवणाऱ्या बुवाला बोलावलं. म्हातारा पाय चाचपून पाहत म्हणाला, "लय मार बसला. पडली कुठून? झाडावरून का धाब्यावरून?"

सारजा कण्हत म्हणाली, "अंगठ्यावरून."

बुवा तिच्या पायाकडं पाहत राहिला. मग मावशीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ताप डोक्यात गेला हाय का इच्या?"

लुच्ची मात्र हसली नाही. ती सारजाच्या उशाशी बसली आणि आपले पाय उघडे करून तिच्यापुढं ठेवले. आम्ही ते तोवर नीट पाहिलेच नव्हते. बोटं एकमेकांवर चढलेली, एक नख काळं, एक नाहीच, आणि जागोजाग घट्टे. तोंड गुलाबाचं, आणि पाय नांगरामागं चालणाऱ्याचे! तिनं बांबूकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "बहुत दिन. बहुत. फिर जूता."

सारजानं पांघरूण डोक्यावर ओढलं. "मले दोन्ही नोको. मी आपली लावनीतच बरी."

*

शेवटी मला बूट मिळाले, तिच्या पेटीतला दुसरा जोड. मला वाटलं होतं मऊ असतील. पायात घातले आणि डोळ्यांतून पाणी आलं! लुच्चीनं आधी माझी नखं अगदी खालून कापली. मग मांडी घालून बसली आणि बुटांची टोकं दोऱ्यानं शिवत राहिली, एकावर एक टाके घालून, बैलाच्या झुलीसारखी जाड. मग म्हणाली, "कापूस." बोटांपाशी कोंबायला.

तर घरात कापूस नाही! वऱ्हाडात राहतो आम्ही, चारी दिशांना कापूसच कापूस, पण भाव असा की लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला होता. मावशीनंही विकला होता. आम्ही चटईवर झोपत होतो. देवाच्या वाती वळायला शेजारणी मापून कापूस द्यायच्या. पायाच्या अंगठ्यासाठी कोण देणार?

सारजा तेव्हा लंगडत का होईना, हिंडायला लागली होती. तिनं तोड काढली. आमच्याकडं येणारे शेट कानात अत्तराचा फाया घालून यायचे. बैठकीला बसताना आम्ही ताजं अत्तर दिलं की जुना फाया तबकात टाकायचे. सारजानं ते सगळे गोळा केले, उन्हात वाळवले, पिंजले, आणि माझ्या बुटात भरले. सुरेख बसले!

पुढल्या बैठकीत दिवेलागणीला मी मोगऱ्याच्या माळा द्यायला शेटांच्या पुढून गेले. बूट तसेच पायात होते, पायाला बसावेत म्हणून घातलेले. किसनशेट नावाचे एक सरकीचे व्यापारी मधेच गप्प झाले. नाक वर करून हुंगलं. मग खाली वाकून हुंगलं. आपल्या कानाला हात लावून पाहिला. आणि भर बैठकीत मला म्हणाले,

"बाई, तुह्या पायाले माह्या कानाचा वास कसा काय?"

*

गोरी बाई नाचणारणींच्या घरात राहते, ही बातमी कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. एक दिवस निरोप आला की साहेब स्वतः येतो आहे, बाईला घेऊन जायला. कुठं, ते सांगितलं नाही. लुच्चीनं ऐकलं आणि मुकाट्यानं पेटी भरायला घेतली. माझे बूटसुद्धा तिनं उचलून मला दिले.  तिला जायला घरच कुठं होतं!

मावशीनं ते पाहिलं.  पेटी बंद केली आणि स्वतः तिच्यावर जाऊन बसली.

साहेब घोड्यावरून आला. ओसरीसमोर उभा राहून मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आमच्या जातीची बाई तुमच्या घरात राहते. हे बरं दिसत नाही."

मी दाराआड उभी होते.  मावशी पेटीवरूनच बोलली, "बरोबर हाय सायेब. आजच तुमच्या बंगल्यावर पाठवते. फक्त एक करा, मडमसायबाले आधी सांगून ठेवा, नाचनारी बाई तुमच्याकडं राह्यले येऊन राहिली म्हनून."

साहेबानं टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. पुन्हा टोपी घातली. पाणी मागितलं, प्यायला.

"घर हवेशीर आहे," तो म्हणाला, आणि निघून गेला!

*

मोर्शीकडच्या एका पाटलाच्या घरी लग्न होतं. तो अमरावतीला कापूस घालायला आला होता, तेव्हा मावशीनं त्याला ऐटीत सांगून टाकलं, आमची पोट्टी बोटांवर उभी राह्यते. पाटलानं लगेच सुपारी दिली आणि पंचक्रोशीत बोलबाला केला.

मी तोवर बांबू सोडलेला नव्हता!

लुच्ची मावशीवर अशी भडकली, अशी भडकली की बाहेर लोकांना वाटलं, आता पुन्हा काय आलं! "नहीं तैयार! पाँव टूटेगा!" मावशी म्हणाली, "पाटलाले हाव म्हनलं हाय म्या. गावात फजिती झाली तं उद्या कोन बोलवते आपल्याले?" दोघी तीन-चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधल्या मधे माझी झोप उडाली. शेवटी लुच्चीनंच तोडगा काढला. नाच लावणीचाच. शेवटी फक्त मांडवाच्या खांबापाशी जायचं, दोन्ही पायांवर चढायचं, एक श्वास घ्यायचा, उतरायचं. बस. "नीचे देखना नहीं. सामने."

मांडव खच्चून भरला होता. लावणी झाली. मी घुंगरं सोडली, बूट चढवले.  करीमचाचांनी तबला थांबवला. खांबाला हात लावला, आणि टाचा उचलल्या, तळवे उचलले. बोटांत अशी कळ गेली की कानांत आवाज यायला लागला. पण चढले! मग काय झालं ठाऊक नाही, खांबावरचा हात माझा मीच काढला. एक क्षण. दोन्ही हात मोकळे, खाली जमीन, वर मांडव, आणि मधे मी. इतकं हलकं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. मग खाली आले, नीट, तिनं शिकवलं तसं, आवाज न करता.

पुढच्या दोन रांगांनी पाहिलं. मागच्यांना काहीच दिसलं नव्हतं! "काय झालं? काय केलं तिनं?" म्हणत सगळे टाचा उंचावून माना काढायला लागले. पाटील, वरमाय, न्हावी, वाजंत्री, मांडवाबाहेर बैलांपाशी उभे असलेले गडी, अख्खं गाव चवड्यावर! खाली टेकलेली तेवढी मी एकटी.

लुच्ची टाळ्या वाजवत उठली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आणि गावाकडं पाहून तिनं तालमीतल्या आवाजात हुकूम सोडला,

"बहुत अच्छा! पीठ सीधी! कोई नीचे नहीं आएगा!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघताना पाटलाची म्हातारी आई खांबापाशी बसून ओल्या सारवणात माझ्या बुटांच्या टोकांनी पडलेल्या दोन भोकांकडं पाहत होती.

"पाहुने गेले, जेवनं झाली, समदं झालं," ती सुनेला म्हणाली, "पन रात्रीतून टोचे माराले कोंबडी कोनी सोडली व?"

*

तिकडची लढाई मिटली आणि कापसाचा भाव असा कोसळला की चांदीनं मढवलेली शिंगं पुन्हा साधी झाली. आणि एका दुपारी आमच्या दारात कोण? लुच्चीचा मॅनेजर! कोटाची कोपरं फाटलेली, दाढी वाढलेली. माणूस ताडमाड उंच. हात पसरून तिच्याशी गोड गोड बोलायला लागला. कंपनी पुन्हा उभी करू, मुंबईला जाऊ, असं काहीतरी असावं.

लुच्चीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आत गेली, बूट घालून आली. त्याच्यासमोर उभी राहिली, बोटांवर चढली, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि एक अशी ठेवून दिली की गडी उंबऱ्याबाहेर!

सारजा म्हणाली, "एवढे दिवस तालीम घेतली, हे काहून नाई शिकवलं?"

*

पुढं खरोखरची रेल्वे आली, आणि लुच्ची तिच्यात बसून मुंबईला गेली, दुसऱ्या कंपनीत. तिला पोचवायला आम्ही सगळे बडनेऱ्याला गेलो. मावशी तेवढी आली नाही. म्हणाली, "मले काय तिचं? टाचा असून टाचा न वापरनारी बाई! घरात हळद कांडायची हाय." आम्ही परत आलो तेव्हा हळद तशीच पडलेली होती, आणि मावशीचे डोळे लाल होते. हळदीच्या धुळीनं, असं म्हणाली.

मी तालीम सोडली नाही. पुढं बांबूचा आधारही सुटला. रोज घामानं बूट ओले व्हायचे, म्हणून सकाळी घराच्या सपाट धाब्यावर उन्हात ठेवायची. एकदा ते आणायला शिडीनं वर चढले. धाब्यावर काय, चारी बाजूंनी मोकळं, वर आभाळ, आणि दूरवर रानं. डोकं वर काढलं तर मधोमध मथुरामावशी. लुगड्याचा काचा मारलेला, तोंडात तंबाखूचा बार, पायांत माझे गुलाबी बूट. एका हातानं काठी धरलेली. पाठ ताठ, नजर समोर. आणि हळूहळू, कुरकुरत, म्हातारी वर येत होती. टाचा उचलल्या. तळवे उचलले. आली, पार टोकावर आली, आणि काठीवरचा हात तिनं सोडला!

मी शिडीवरच श्वास रोखून उभी. तिचं लक्ष गेलं. पण खाली उतरली नाही. तशीच उभी राहून माझ्यावर खेकसली,

"पाहून काय राहिली? फळीवरची लोनच्याची बरनी काढून राहिली मी!"